ट्रकच्या मडफ्लॅपचा हिशेब

पावसात ट्रकमागून सायकल चालवली आहे का? चाकाने उडवलेला चिखल थेट तोंडावर येतो. बारीक खडेही येतात. ते अडावेत म्हणून चाकामागे रबराची जाड पट्टी टांगतात. तिला मडफ्लॅप म्हणतात.

आमच्या गावात दहा जणांचे दहा ट्रक आहेत. कधी ऊस, कधी विटा. मागच्या पट्ट्यांवर गावाचे नाव असावे, असे सर्वांच्या मनात आले. (देवाचे नाव नको, असे म्हातारी माणसे म्हणाली. चिखलात देव कशाला?) हिशेबासाठी मंडळी आमच्याकडे आली. शाळा सुटली तरी मास्तरकी सुटत नाही!

कारखानदाराने भाव सांगितला. नावाचा साचा एकदाच करायचा, त्याचे २००० रुपये. मग दर नगाला रबर व मजुरी मिळून १५० रुपये. एका ट्रकला नग लागतात दोन. एकट्याने घेतले तर २००० आणि ३००, म्हणजे २३०० रुपये. दहा जणांनी मिळून २० नग घेतले, तर २००० आणि ३०००, एकूण ५०००. दर माणशी ५०० रुपये. रबर काही स्वस्त झाले नाही. साच्याचा खर्च दहा जणांत वाटला गेला, एवढेच.

इथवर ठीक होते. पण कारखानदार म्हणाला, "गुरुजी, २० नगांना नग २५० ला पडतो. ५० घ्या, १९० ला पडेल." आम्ही भुललो. ५० सांगितले. ९५०० रुपये झाले. ट्रकना लागले २०. उरलेले ३० चावडीत पडून आहेत. दुसऱ्या गावचा माणूस आमच्या गावाचे नाव कशाला लावील? बिननावाचे असते तर विकले तरी असते. ५०० च्या जागी दर माणशी ९५० गेले. एकाचा त्या महिन्याचा बँकेचा हप्ता चुकला. तो आम्हांला एक शब्द बोलला नाही, त्याचेच जास्त वाईट वाटते.

आणखी एक. सगळे ट्रक सारखे नसतात. आधी प्रत्येकाची मापे घ्या, बोल्टच्या भोकांतले अंतरसुद्धा. मापे निराळी निघाली तर साचे दोन लागतील, मग हिशेबही बदलेल. नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. एक नग बसवून बघा, मगच बाकीचे करायला सांगा. पैशांची पावती घ्या.

आता पाटी घ्या. मालक ८, साचा एक, भाव तोच. एक नग कितीला पडेल? २७५ आले तर बरोबर.