ज्वारीचा वाटा

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. १९४४ साली कस्तुरबांचे निधन झाले. त्यानंतर डॉ. सुशीला नायर यांनी येथे स्त्रिया व बालके यांच्यासाठी लहानसा दवाखाना उघडला. त्याचेच पुढे कस्तुरबा रुग्णालय झाले. १९६९ साली त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय निघाले.

रुग्णालय जवळ असले, तरी गरिबाला खर्चाची धास्ती वाटे. रोख पैसा कोणापाशी असणार? पण सुगीनंतर घरात ज्वारी असे. हे ओळखून १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू व त्यांचे सहकारी यांनी आसपासच्या खेड्यांत एक योजना मांडली. प्रत्येक कुटुंबाने वर्षाकाठी ज्वारीचा वाटा द्यावा. ज्याची शेती अधिक, त्याने अधिक द्यावे. भूमिहीन मजुराने थोडे द्यावे. अवचित आजार आला, तर उपचार मात्र सर्वांना सारखे मिळावेत.

येथे एखादा बागाईतदार म्हणेल, "मी अधिक का द्यावे? मी तर कधी आजारी पडत नाही!" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कष्टाने पिकविलेले धान्य देताना प्रत्येकाला असे वाटणारच. परंतु आजार सातबारा पाहून येत नाही. आज जो धडधाकट आहे, तो उद्या खाटेवर पडू शकतो. शिवाय शेजाऱ्याच्या घरातील साथ आपल्याही दारी येते. मजुरालाही या वाट्याने एक मोठी गोष्ट लाभली. तो रुग्णालयात याचक म्हणून गेला नाही, हक्काने गेला.

मुलांनो, कर म्हणजे साऱ्या देशाने काढलेला असाच वाटा होय. साबणाची वडी विकत घेणारा मजूरही कर भरतो. सेवाग्रामच्या या संस्थेचा मोठा खर्चही केंद्र व राज्य सरकारेच उचलतात. केवळ ज्वारीने एवढे रुग्णालय चालत नाही. इंग्लंडमध्ये १९४८ पासून करांच्या पैशातून सर्वांना उपचार मिळतात. महाराष्ट्र शासनानेही १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले.

तथापि, 'निःशुल्क' म्हणजे 'बिनखर्ची' नव्हे. औषधाची प्रत्येक गोळी कोणाच्या तरी घामातून आलेली असते. म्हणून तिची नासाडी होऊ न देणे आणि खर्चाचा हिशेब विचारणे, हेही वाटा देणाऱ्याचे कर्तव्यच आहे.

शब्दार्थ : सुगी – पीक हाती येण्याचा हंगाम. अवचित – अचानक. याचक – मागणारा. सातबारा – जमिनीच्या नोंदीचा उतारा.

स्वाध्याय
१. योजनेत पैशाऐवजी ज्वारी का घेतली गेली?
२. 'आजार सातबारा पाहून येत नाही' या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
३. बागाईतदाराचे म्हणणे तुम्हांस पटते काय? सकारण लिहा.
४. तुमच्या गावातील कोणत्या सोयी करांतून चालतात? वडील माणसांना विचारून यादी करा.