कर्जाचे नवे-जुने करण्यापूर्वी

मु. उमरी, जि. नांदेड

चि. बाळास,

तुझे पत्र पोहोचले. नांदेडच्या घरावरील कर्ज दुसऱ्या बँकेकडे न्यावे काय, या प्रश्नास तू दोन ओळींत उत्तर मागितले आहेस. परंतु पंधरा वर्षे चालावयाचा मामला दोन ओळींत उरकणे मला जमण्यासारखे नाही.

तुझी तक्रार रास्त आहे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 2025 सालात 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर उतरला आणि तरीही तुझा व्याजदर सव्वानऊवरच अडून राहिला, याचे कारण तुझे कर्ज 2018 सालचे, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून दर ठरविणाऱ्या जुन्या पद्धतीचे आहे. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाहेरच्या मानदंडाशी, बहुधा रेपोशीच, जोडलेली असतात. तेव्हा प्रथम आपल्याच बँकेत दरखास्त दे आणि नव्या पद्धतीत घेण्याची मागणी कर. थोडक्या शुल्कात काम होत असेल, तर सारी दप्तरे उचलून परक्या दारी जाण्याचे प्रयोजन काय? दुसऱ्या बँकेचे देकार-पत्र हाती ठेवून बोललास, तर व्यवस्थापकाचा स्वरही बदललेला आढळेल.

ते न जमल्यास हिशेब मांड. बाकी पंचवीस लाख, मुदत पंधरा वर्षे. सव्वानऊ टक्क्यांनी हप्ता सुमारे 25,730 रुपये, नव्या बँकेचा दर सव्वाआठ धरल्यास 24,250. महिन्याकाठी सुमारे 1,480 रुपये वाचतात. प्रक्रिया शुल्क, वकिलाची तपासणी, मूल्यांकन, मुद्रांक आणि नोंदणी मिळून समजा तीस हजार लागले, तर वीस-एकवीस महिन्यांत ते भरून निघतील. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड 2012 सालापासून बँकांना घेता येत नाही, ही त्यात जमेची बाजू.

पण येथेच माणूस फसतो. नवी बँक गोड बोलून म्हणेल, मुदत वीस वर्षांची करू, हप्ता 21,300 वर येईल. आणि आठवड्याच्या बाजारात पिशवी भरताना हाती राहणारे ते चार हजार मोठे सुखाचे वाटतील. बेरीज मात्र अशी की, जुन्याच दराने पंधरा वर्षांत एकूण 46 लाख 31 हजार जातात, तर कमी दराने वीस वर्षांत 51 लाख 12 हजार. दर उतरला आणि देणे पावणेपाच लाखांहून अधिक वाढले! आपल्या भागात पीककर्जाचे दरवर्षी मार्चला नवे-जुने करणारी माणसे तू लहानपणापासून पाहिली आहेस. कागद नवा होतो, बोजा तोच राहतो. म्हणून मुदत एका महिन्यानेही वाढवू नकोस. उलट साधल्यास जुनाच हप्ता चालू ठेव, म्हणजे कर्ज लवकर फिटेल. ‘टॉप-अप’ नावाने वरकड रक्कम देऊ करतील, तीही नको. तुझ्या मुलीच्या लग्नाची तजवीज अशी घराच्या तारणावर करणे मला मुळीच पसंत नाही.

1948 च्या जानेवारीत याच उमरीतील बँकेची रक्कम स्वातंत्र्यसैनिकांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामासाठी लुटून नेली आणि तिचाही हिशेब ठेवला, हे तू शाळेत ऐकले आहेस. तुझा मामला तर कायदेशीर आहे. तेव्हा आकडे तोंडी न ऐकता लेखी मागण्यात संकोच नको.

कर्ज हलविलेच, तर मूळ खरेदीखताकडे लक्ष ठेव. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत कागद परत करण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि बँकेच्या दोषाने विलंब झाल्यास दर दिवसास 5,000 रुपये भरपाई ठरलेली आहे. तुझ्या बाबतीत ते कागद परस्पर नव्या बँकेकडे जातील, म्हणून जमा केलेल्या प्रत्येक दस्ताची यादी आजच काढून तीवर जुन्या बँकेचा शिक्का घे. दोन्ही बँकांचे लेखी आकडे हाती आले की पाठव. रुजुवात मी करीन.

तुझा,
काका