शहरातही साप निघतो

आपल्या गुंजवण्यात भाताच्या बांधावर साप दिसतो. पण शहरात साप नसतो, असे मला वाटायचे.

गेल्या पावसाळ्यात मी पुण्याला धनकवडीत मामाकडे गेलो होतो. रात्री जिन्याखालून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. मामी म्हणाली, "अगं बाई, कुकर तर बंद आहे!" मामाने बॅटरी मारली, तर जाडजूड साप! पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके. ती घोणस होती. मामा काठी घ्यायला धावला, पण शेजारच्या काकांनी त्याला अडवले आणि सर्पमित्राला बोलावले. त्यांनी तिला आकडीने उचलून पिशवीत घातले.

दुसऱ्या दिवशी मामाने मला कात्रजचे सर्पोद्यान दाखवले. ते १९८६ साली सुरू झाले.

शहरात साप का येतो? कचरा साठला की उंदीर होतात. उंदरांच्या मागे साप येतो.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. मण्यार रात्री फिरते. तिचा चावा पुष्कळदा कळतही नाही. म्हणून खाली झोपू नये, मच्छरदाणी लावावी.

आमची आजी म्हणते, "मांत्रिकाने विष उतरते." मी म्हटले, "आजी, पुष्कळ साप बिनविषारी असतात. तो चावलेला माणूस तसाही वाचतो."

साप चावला तर जखम कापू नये, घट्ट बांधू नये. माणसाला चालवू नये. १०८ नंबरला फोन करून सरकारी दवाखान्यात न्यावे. घोड्याच्या रक्तापासून केलेले औषध या चारही विषांवर चालते.

पालकांनो, आधी दवाखाना!