कलेच्या निधीची वाटणी : सारखी की न्याय्य?



समजा, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दोन हजार रुपये आले. सगळ्या वर्गांना सारखे वाटायचे, की ज्या वर्गाकडे कपडेपटच नाही त्याला थोडे जास्त द्यायचे? नागरिकशास्त्राचा तास या प्रश्नाने सुरू करून बघा. मुलं भांडतील. भांडू द्या, कारण हाच प्रश्न राज्यालाही पडतो.

संविधान काय सांगतं?
कलम ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात विकासाच्या खर्चाचं न्याय्य वाटप व्हावं, अशी तरतूद आहे. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने सिंचन, रस्ते, शिक्षण अशा क्षेत्रांतला मागासलेपणा मोजला, आणि 'अनुशेष' हा शब्द घरोघरी पोचला. रस्ता किलोमीटरमध्ये मोजता येतो. कलेचा अनुशेष कसा मोजायचा?

उदाहरण : झाडीपट्टी
गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा (देसाईगंज) हे त्याचं मोठं केंद्र. गावात मंडप पडतो, तिकीट लागतं, नाटक रात्रभर चालतं. इथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे गुण आहे, प्रेक्षकही आहे. पण उद्या 'बंदिस्त नाट्यगृहातल्या प्रयोगालाच अनुदान' असा नियम केला तर? नियम सगळ्यांना सारखाच, तरी मंडपातलं नाटक आपोआप बाहेर!

तीन मापं, तीन अडचणी
१. लोकसंख्येनुसार वाटलं, तर विरळ वस्तीच्या जिल्ह्याच्या हाती फार थोडं लागतं.
२. आलेल्या अर्जांतून गुणवत्तेनुसार निवडलं, तर ज्यांना अर्ज लिहायची सवय आहे तेच पुढे राहतात.
३. गरजेनुसार दिलं, तर 'आम्ही चांगलं काम करतो म्हणून आमचं कमी का?' असं मुंबई-पुण्याचा कलावंत विचारणारच. त्याचंही चूक नाही. तालमीच्या जागेचं भाडं त्यालाही परवडत नाही.

मला वाटतं, एकच माप पुरत नाही. आधी प्रत्येक जिल्ह्याला किमान वाटा द्यावा, उरलेला गुणवत्तेवर वाटावा, आणि कोणाला किती व का दिलं हे जाहीर करावं. कारण कळलं की कमी मिळालेल्यालाही निदान प्रश्न विचारता येतो.

वर्गातला उपक्रम
मुलांचे चार गट करा : झाडीपट्टीचं नाटक, कोकणातलं दशावतार, मराठवाड्यातलं भारूड आणि मुंबईतलं प्रायोगिक नाटक. शंभर रुपये वाटायला द्या. अट एकच : वाटणीचा नियम आधी लिहायचा आणि आपला गट कोणता ही चिठ्ठी नंतर उघडायची. बघा, आपल्याला कुठली चिठ्ठी येईल हे ठाऊक नसलं की मुलं किती विचार करून नियम लिहितात.

पालकांनो, हाच खेळ घरी खाऊ वाटतानाही जमेल. आणि आपल्या गावची कला मुलांना एकदा तरी दाखवा. जी कला आपणच पाहिली नाही, तिच्यासाठी आपण निधी तरी कसा मागणार?