चिकापासून फोमपर्यंत

पहाटेचा अंधार अजून पुरता विरलेला नसतो. केरळमधील रबराच्या बागेत कपाळाला दिवा बांधलेला कामगार एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जात असतो. धारदार सुरीने तो सालीवर तिरकी, पातळ चीर देतो. चीर खोल गेली तर झाडाला इजा होते. उथळ राहिली तर चीक कमी येतो. चिरेखाली बांधलेल्या करवंटीत किंवा वाटीत दुधासारखा पांढरा चीक थेंबाथेंबाने साचू लागतो. या चिकापासूनच पुढे मऊ गाद्या आणि उश्या तयार होतात.

रबराचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातले. १८७६ साली हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून त्याचे बी इंग्लंडला नेले आणि तेथून रोपे आशियात आली. आज भारतात रबराचे सर्वाधिक उत्पादन केरळात होते. लावणीनंतर साधारण सात वर्षांनी झाड चीक देऊ लागते. थोडी जमीन असलेल्या असंख्य कुटुंबांचा संसार या झाडांवर चालतो.

झाडातून निघालेल्या चिकात सुमारे एक तृतीयांश रबर असते. उरलेला भाग बहुतांशी पाण्याचा. चीक लवकर गोठतो, म्हणून त्यात अमोनिया मिसळतात. मग तो यंत्रात वेगाने फिरवून त्यातील पाणी कमी करतात आणि रबराचे प्रमाण साठ टक्क्यांपर्यंत आणतात. फोम बनवण्याची एक प्रसिद्ध पद्धत १९२९ साली इंग्लंडमधील डनलॉप कंपनीत विकसित झाली. तीत चिकामध्ये साबण, गंधक आणि इतर द्रव्ये घालून त्याचा फेस काढतात. गोठवणारे रसायन मिसळून तो साच्यात ओततात आणि वाफेची उष्णता देतात. गंधकामुळे रबराचे रेणू एकमेकांशी घट्ट जोडले जातात. फेसातील असंख्य पोकळ्यांत हवा खेळती राहते. जोडलेले रबर लवचीक असल्यामुळे दाबलेला फोम पुन्हा पूर्ववत होतो.

बाजारातील बहुतेक फोम मात्र पॉलियुरेथेनचा असतो. त्याचा कच्चा माल मुख्यतः खनिज तेलापासून मिळतो. तेलाचे साठे एकदा संपले की पुन्हा भरत नाहीत. रबराचे झाड मात्र पुन्हा लावता येते. एवढ्यावरून रबराचा फोम निसर्गस्नेही ठरतो का?

याचे उत्तर तीन ठिकाणी शोधावे लागते. पहिले ठिकाण म्हणजे बाग. जंगल तोडून रबर लावले, तर लाभापेक्षा हानीच अधिक. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या जंगलतोडविरोधी कायद्यात रबराचा समावेश आहे, तो याच कारणाने. दुसरे ठिकाण म्हणजे कारखाना. फोम धुतलेल्या पाण्यात अमोनिया, जस्ताची संयुगे आणि गोठवणाऱ्या रसायनाचा अंश उरतो. ते पाणी शुद्ध न करता ओढ्यात सोडले, तर माशांचे जीवन धोक्यात येते. तिसरे ठिकाण म्हणजे वापरून टाकलेली गादी. गंधकाने जोडलेले रबर वितळवून पुन्हा साच्यात ओतता येत नाही आणि ते मातीत फार सावकाश कुजते.

या अडचणींवर मार्ग शोधले जात आहेत. रसायनांचे प्रमाण घटवणे, भाताच्या तुसाच्या राखेसारखा शेतीतील टाकाऊ माल फोममध्ये भर म्हणून वापरणे, जुन्या फोमचे तुकडे करून उश्यांत भरणे, असे प्रयोग होत आहेत. काथ्यावर रबराचा चीक फवारून बनवलेल्या गाद्या तर भारतात फार दिवसांपासून वापरात आहेत. नारळाच्या सोडणातून निघणाऱ्या काथ्याला त्यामुळे चांगला उपयोग मिळाला.

एखादी वस्तू निसर्गातून आली एवढ्यानेच ती निसर्गस्नेही ठरत नाही. ती कशी पिकवली, कशी बनवली आणि शेवटी तिचे काय झाले, हेही पाहावे लागते. पहाटे चीर देणारा कामगार उद्याच्या चिकासाठी आज झाडाला जपतो. कारखानदार आणि ग्राहक यांनीही तेवढीच काळजी घेतली, तरच ‘निसर्गस्नेही’ हा शब्द सार्थ होईल.

स्वाध्याय
१. चीर देताना कामगाराला कोणती काळजी घ्यावी लागते?
२. रबराचा फोम निसर्गस्नेही आहे का, हे ठरवताना कोणत्या तीन ठिकाणांचा विचार करावा लागतो?
३. आपल्या घरातील एखादी वस्तू निवडून तिची ‘उगमापासून शेवटापर्यंतची’ कहाणी आठ-दहा ओळींत लिहा.