काठीचा वाक बघून कडी बांध

पोरा, सात फुटी ब्लँक, म्हणजे नुसती काठी, आणलास, कड्याही आणल्यास, फार छान. पण दोरा गुंडाळायला लगेच बसू नकोस. मापांचे तक्ते मोबाइलवर ढिगाने मिळतात, ते सुरुवातीपुरते ठेव. एकाच मापाच्या दोन काठ्या कधी सारख्या वाकत नाहीत, आणि कडीची जागा वाकावरच ठरते.

गोदाकाठी बांबूच्या शेंड्यालाच तंगूस बांधून गळ टाकतात, तिथे सगळा ओढा शेंड्यावर येतो. रीळ आलं की तंगूस काठीभर धावतो आणि माशाचा ओढा काठीभर वाटायचं काम कड्यांवर येतं. गंगापूर धरणातला एखादा दांडगा कटला खोल पाण्याकडे सुटला, की चुकीच्या जागी बसलेली कडी काठीचा तिथेच घात करते.

आधी काठीचा कणा शोध. बुंधा फरशीवर टेकव, शेंड्याकडचा भाग तळव्यावर पेल, मध्ये दाबून काठी फिरव. एका जागी ती आपसूक वळून स्थिर होते. स्पिनिंग रीळ असेल तर त्या वळणाच्या आतल्या बाजूला कड्यांसाठी खूण कर, वर बसणारं रीळ असेल तर बाहेरच्या. काठी मुळात जराशी वाकडी असली, तर मात्र नजरेला सरळ दिसेल ती बाजू घे. माझ्या मते सरळपणा आधी.

टोकाची कडी ग्लू गनच्या कांडीने चिकटव, म्हणजे पुढे बदलायची झाली तर गरम करून निघते. सात फुटाला टोकाची धरून आठेक कड्या लागतात. सगळ्यात मोठी कडी रिळाच्या तोंडापासून वीसेक इंचांवर ठेव, कारण स्पिनिंग रिळातून तंगूस वेटोळी घेत सुटतो आणि ती आवरायला त्याला तेवढी वाट लागते. टोकाकडून पहिलं अंतर चार इंच, मग प्रत्येक अंतर थोडंथोडं वाढवत रिळाकडे ये.

या कड्या अजून बांधायच्या नाहीत. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे कापून त्यांत कड्यांचे पाय अडकव. मग तंगूस ओव, टोक कुणाच्या तरी हातात दे, काठी तिरकी उभी धर आणि त्याला जमिनीकडे हळूहळू ओढायला सांग. दुसऱ्याला काठी धरायला देऊन तू बाजूने बघ. तंगूस काठीच्या कमानीला धरून चालला पाहिजे. एखाद्या कडीपाशी तो मोडल्यासारखा वळत असेल, तर तिथल्या कड्या जवळ आण आणि बाकीच्या त्या हिशेबाने सरकव. वर बसणारं रीळ असेल तर तंगूस काठीला घासता कामा नये. हे बघायला अख्खी संध्याकाळ गेली तरी जाऊ दे. मग मोकळ्या मैदानात गळ न लावता नुसतं शिसं फेकून बघ. रिळाकडच्या पहिल्या कडीवर तंगूस फटफट आपटत असेल, तर ती इंचभर पुढेमागे कर आणि पुन्हा फेक.

बांधण्याआधी कडीच्या पायांची टोकं कानशीने निमुळती कर. नाहीतर दोरा पायरीवर अडतो आणि धारदार कडा ब्लँकला चरे पाडतात. दोरा नायलॉनचा चालतो, पण येवल्यात पैठणीचं रेशीम मिळालं तर आण. बारीक दोरा कडीच्या पायाला घट्ट बसतो. दोरा फार आवळू नकोस, कारण शेवटी बुंध्याकडून एका डोळ्याने बघत कड्या एका रेषेत आणायच्या असतात.

बांधलेल्या दोऱ्यावर एपॉक्सी लावलीस की ती घट्ट होईपर्यंत काठी फिरवत राहा, नाहीतर थेंब खाली लोंबतात. पावसाळ्यात दमट हवेने एपॉक्सीची चकाकी धूसर होते, आणि निफाडकडची थंडी उतरली की ती बसायलाच वेळ घेते. थंडीत बाटल्या आधी कोमट पाण्यात ठेव, आणि फिरवणं थांबवल्यावर दोन दिवस काठीला हात लावू नकोस.