लग्नाआधी रक्ताची एक तपासणी: माहितीसाठी, दोष देण्यासाठी नाही



लग्न जमवताना आपण पत्रिका बघतो, घर बघतो, मुलाची नोकरी बघतो. रक्ताचा रिपोर्ट मात्र कुणी बघत नाही. या महिन्याचा पाठ त्यावरच आहे.

कोणते आजार?
सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे आई-वडिलांकडून मुलाला येणारे रक्ताचे आजार आहेत. सिकलसेल आदिवासी समाजात जास्त आढळतो, म्हणून शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या बहिणींनी नीट लक्ष द्या. थॅलेसेमियाचं प्रमाण सिंधी, लोहाणा अशा समाजांत जास्त आहे. फाळणीनंतर आलेली असंख्य सिंधी कुटुंबं उल्हासनगर-कल्याणला राहिली, ती आपले शेजारीच. पण हे आजार कुठल्याही जातीत होऊ शकतात.

हिशोब समजून घ्या
ज्याच्याकडे आजाराचा एकच अंश असतो तो 'वाहक'. तो सहसा धडधाकट असतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता 4 मध्ये 1. पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तिघं सुटली, असं नाही. दर खेपेला हिशोब नव्याने. दोघांतला एकच वाहक असेल, तर मुलाला हा गंभीर आजार होत नाही.

फायदा काय?
थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. तपासणी लग्नाआधी किंवा दिवस राहण्याआधी झाली, तर विचार करायला वेळ मिळतो. दिवस गेले असतील तर पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना विचारा. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे, त्यात 40 वर्षांपर्यंतच्यांची तपासणी होते. आशाताईंकडे चौकशी करा.

सांभाळायचं काय?
वाहक निघाली म्हणून मुलीचं लग्न मोडतं, सासरी "तुझ्यामुळेच झालं" ऐकावं लागतं. बायांनो, आजारी मुलाला एक अंश आईकडून येतो, तसा दुसरा बापाकडूनही येतो. मग बोल एकटीलाच का? तपासणी मुलाचीही व्हायला हवी.

रिपोर्ट तुमचा आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय तो गावभर होता कामा नये, आपल्या गटातसुद्धा नाही. तपासणीला नाही म्हणायचाही हक्क आहे. गर्भात आजार आढळला, तर पुढे काय करायचं ते बाईने समुपदेशन घेऊन, कुणाच्या दबावाशिवाय ठरवावं.

आणि या तपासणीच्या नावाखाली मुलगा की मुलगी विचारणं हा गुन्हा आहे. असा कायदा देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये, आपल्या महाराष्ट्राने केला. देशाचा कायदा 1994 मध्ये आला.

ज्यांच्या घरी आजारी मूल आहे त्यांनी खचू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे दोन्ही आजार आहेत. दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात विचारा.

बैठकीत बोलूया
1. आपल्या गटात लग्नाला आलेली मुलं-मुली किती? दोघांच्याही तपासणीची गोष्ट घरी कोण काढेल?
2. एखादीचा रिपोर्ट कळला, तर तो आपल्यापाशीच ठेवू, असा ठराव करायचा का?
3. रिपोर्टवरून एखादीला सासरी त्रास झाला, तर गट तिच्यामागे कसा उभा राहील?